देव-दैव न मानणाऱ्यानं सल्ला कुणाचा घ्यावा, काय वाचावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळला आहे का हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही दैवी शक्ती, आत्मा, पुनर्जन्म, नशीब यांतलं काहीच मानत नाही. गेल्या वर्षी आई गेली. लोकांनी जे सांगून धीर दिला त्यानं धीर आला नाही, कारण त्यातलं बहुतेक तुम्हाला खरंच वाटत नाही. त्यातच नोकरी सोडून वेगळं काही करावं का आणि मूल होऊ द्यावं का, हे दोन निर्णय एकदम अंगावर आले आहेत. सल्ला द्यायला दोनच प्रकारचे लोक पुढे येतात, 'श्रद्धा ठेवा' म्हणणारे आणि 'विज्ञान सांगतं' म्हणून काहीही गळ्यात मारणारे. विश्वास कुणावर ठेवायचा आणि वाचायचं काय, असं तुम्ही विचारता.

मी गेली २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते. तुमच्यासारखे पुष्कळ जण येतात आणि त्यांतले बरेच एकाच जागी अडकलेले असतात. एक गृहस्थ आठवतात. पहिल्याच भेटीत त्यांनी एक जाडजूड वही आणली होती. देव नाही हे दाखवणारे सगळे युक्तिवाद तीत उतरवलेले, समासात तारखा, पानांना क्रमांक, मागे सूची. दोन वर्षांचं काम होतं आणि चोख होतं. मी चाळून झाल्यावर त्यांनी ती मिटली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे सगळं पटलंय हो मला. पण बायको चार महिने माझ्याशी धड बोलत नाही, त्याचं काय करायचं ते यात कुठेच नाही."

ते एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाच्या पुस्तकांत शोधत होते. जगात काय आहे आणि काय नाही, हा एक प्रश्न. मी कसं जगावं, हा दुसरा. तुम्ही जे मानता तो निसर्गवाद पहिल्याचं उत्तर देतो: जे आहे ते निसर्गातच आहे, मन हे मेंदूचंच काम आहे, मेल्यानंतर 'आपण' म्हणून काही उरत नाही, आणि विश्वाच्या मनात आपल्यासाठी कुठलीही योजना नाही. दुसऱ्या प्रश्नाबाबत तो काही वाटा बंद करतो, एवढंच. ग्रहांना विचारून लग्न ठरवू नका, हे तो सांगू शकतो. लग्न करा की करू नका, हे नाही सांगत. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७४० मध्येच दाखवून दिलं होतं की 'असं आहे' या विधानांतून 'असं करावं' हे विधान आपोआप निघत नाही. मध्ये माणसाला काय हवं आहे, कशाची किंमत वाटते, ते घालावं लागतं. म्हणून जगाविषयी ज्याचं म्हणणं तुम्हाला शंभर टक्के पटतं, त्याचा संसाराबद्दलचा सल्ला टाकाऊ असू शकतो. उलट एखादी देवभोळी आजी माणसांबद्दल इतकं अचूक बोलते की ऐकत राहावं. 'हा आपल्यातला आहे' एवढ्यावर कुणाचा सल्ला घेऊ नका. विवेकवादी मंडळींतही शिष्य जमवणारे असतात, प्रश्न विचारला की दुखावणारे असतात, आणि तिथे ते ओळखायला वेळ जास्त लागतो, कारण आपण बेसावध असतो.

मग विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर? माझ्याकडे पारखण्याची एकच खूण आहे आणि ती मी सगळीकडे लावते, माणसांना, पुस्तकांना, माझ्या स्वतःच्या बोलण्यालाही. सल्ला देणाऱ्याला विचारा: हा सल्ला कुणाला लागू पडत नाही? तो चुकलाय हे मला कशावरून आणि किती दिवसांत कळेल? ज्याला अनुभव आहे तो थांबतो, आठवतो आणि सांगतो, "हां, ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांनी हे करू नये," किंवा "महिनाभरात झोप सुधारली नाही तर हे सोडून द्या." ज्याच्याकडे नुसता आत्मविश्वास आहे तो म्हणतो, "सगळ्यांना लागू पडतं, फक्त मनापासून करायला हवं." हे दुसरं उत्तर ऐकलंत की समजा, फसलं तर दोष तुमच्याच पदरात पडणार अशी सोय त्यानं आधीच करून ठेवली आहे.

सिसेरो या रोमन लेखकानं एक जुनी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. मेलोसचा डायागोरस हा देव न मानणारा म्हणून प्रसिद्ध. एका मित्रानं त्याला देवळातल्या तसबिरी दाखवल्या. वादळात नवस बोलून सुखरूप परतलेल्यांनी त्या वाहिल्या होत्या. इतके लोक वाचले तरी देवांना माणसांची काळजी नाही म्हणतोस? डायागोरस म्हणाला, खरं आहे, कारण जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठेच लावलेल्या नाहीत. दोन हजार वर्षं झाली, पण तसबिरी बदलल्या एवढंच. आज त्यांच्या जागी 'नोकरी सोडली आणि आयुष्य बदललं' अशा मुलाखती असतात. त्यांतला एकही माणूस खोटं बोलत नसतो. तो वाचला आहे, आणि नवसानं वाचला असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. नोकरीच्या प्रश्नावर तुम्हाला गरज आहे ती बुडालेल्यांशी बोलण्याची. ते व्यासपीठावर नसतात, शोधावे लागतात, आणि बहुतेक वेळा फार मोकळेपणानं बोलतात, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

दुसरी फसगत जास्त गोड असते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'स्वतंत्र' वर्णन लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो मुख्यतः ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलला होता. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधीकधी काळजीत असता', या धर्तीची वाक्यं. राशिभविष्य न वाचणारेसुद्धा 'तुम्ही अमुक प्रकारच्या व्यक्तिमत्त्वाचे आहात' असं सांगणाऱ्या चाचण्यांना आणि 'हे पुस्तक जणू माझ्यासाठीच लिहिलंय' या भावनेला हमखास बळी पडतात. पुस्तक वाचताना असं वाटलं की मी लोकांना एक छोटं काम देते: तुमच्या अगदी उलट स्वभावाच्या ओळखीच्या माणसाला तेच पान वाचायला द्या. त्यालाही ते स्वतःचंच वाटलं, तर त्या पानानं तुमच्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

आता 'विज्ञान सांगतं' म्हणणाऱ्यांबद्दल. इथे माझाही एक हिशेब आहे. मी अनेक वर्षं येणाऱ्या लोकांना सांगत असे की इच्छाशक्ती इंधनासारखी असते. सकाळी भरलेली, वापरली की संपते, म्हणून अवघड निर्णय सकाळी घ्या. हे मी पदरचं सांगत नव्हते. त्यावर शोधनिबंध होते, पाठ्यपुस्तकांत प्रकरणं होती. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, २१०० हून अधिक लोकांवर, तो परिणाम पुन्हा तपासला आणि तो जवळजवळ शून्य निघाला. त्याच्या आदल्या वर्षी १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निकाल आला होता. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ठोस दिसला होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत. दोन मिनिटं छाती पुढे काढून उभं राहिल्यानं संप्रेरकं बदलतात आणि माणूस धीट होतो, हा २०१० चा गाजलेला दावा तर तो मांडणाऱ्या संशोधकांपैकीच एकीनं २०१६ मध्ये जाहीरपणे सोडून दिला.

माझ्याकडे तेव्हा एक बाई येत होत्या. मुलांना संध्याकाळी अभ्यासाला घेऊन बसणं त्यांनी माझ्या सांगण्यावरून बंद केलं होतं, 'तोवर माझी शक्ती संपलेली असते' म्हणून. मी त्यांना सांगितलं की मी दिलेला आधार आता टिकत नाही. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी थकलेली नव्हते का?" थकलेल्या होत्याच. दिवसभर उभं राहून काम करणारी बाई थकणारच. पण 'मी थकले आहे' आणि 'माझी इच्छाशक्ती संपली आहे, आता माझ्या हातात काही नाही' यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर मी पुसून टाकलं होतं. तेव्हापासून एक नियम पाळते: एकाच अभ्यासावर उभा असलेला सल्ला, तो कितीही देखणा असो, मी देत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष पाहते. वैद्यकीय उपचारांबाबत हे काम १९९३ साली सुरू झालेली कॉक्रेन ही संस्था करते, आणि तिचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही वाचता येतात. तिथे 'पुरावा कमी आहे' हे वाक्य वारंवार भेटतं. ज्या ठिकाणी हे वाक्य वारंवार भेटतं ते ठिकाण भरवशाचं, असं मला वाटतं.

यावरून विज्ञानावरचा विश्वास उडवून घेऊ नका. वरच्या सगळ्या चुका त्याच पद्धतीनं, त्याच क्षेत्रातल्या माणसांनी शोधून काढल्या आणि छापल्या. चूक सापडल्यावर ती कुठे नोंदवली जाते, हे दाखवता येईल असा सल्ल्याचा दुसरा परिसर मला माहीत नाही.

आता माणसांकडे वळू. सल्ला कुणाला विचारावा, याचं माझं उत्तर आहे: जो त्याच वाटेवर तुमच्या दोन-तीन वर्षं पुढे आहे त्याला. वीस वर्षं पुढे गेलेल्याला नको, त्याची आठवण आता गुळगुळीत झालेली असते. डॅनियल गिल्बर्ट हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग छापला. काही तरुणींना एका तरुणाशी पाच मिनिटं बोलायचं होतं आणि आपल्याला ते किती आवडेल याचा आधी अंदाज करायचा होता. काहींना त्या तरुणाचा फोटो आणि माहिती दिली. काहींना फक्त एवढंच सांगितलं की तुझ्याआधी बोलून आलेल्या एका अनोळखी मुलीनं किती गुण दिले. ज्यांच्याकडे फक्त त्या मुलीचा अभिप्राय होता त्यांचा अंदाज जास्त बरोबर आला. तरीही बहुतेकींना फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी वाटत होती. आपण स्वतःच्या कल्पनेवर फार विसंबतो आणि नुकतंच त्यातून गेलेल्या माणसाला फार कमी विचारतो.

विचारायचं कसं, यालाही कसब लागतं. "मी काय करू?" असं विचारलंत की समोरचा त्याच्या आयुष्याचं समर्थन करायला लागतो. नोकरी सोडलेल्याला विचारा, "परवाच्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस?" मग ऐका. किती वाजता उठला, कुणाशी बोलला, पैशाचा विचार किती वेळा आला, संध्याकाळी कुणाला फोन केला. अशा पाच जणांचे पाच मंगळवार ऐकलेत की जे समजतं ते पन्नास पुस्तकांत नाही. शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "हे करायला निघालेल्यांपैकी कुणी परत फिरलं का? मला त्यांच्याशी बोलायचंय."

मुलाच्या प्रश्नाला मात्र ही रीत पुरी पडत नाही, आणि ते लपवणं बरं नव्हे. एक तर पश्चात्ताप झाला असेल तर तो आईवडील सहसा तोंडानं कबूल करत नाहीत. दुसरं, लॉरी पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ मध्ये मांडलेला एक पेच आहे: काही अनुभव माणसालाच बदलून टाकतात, त्यामुळे निर्णय घेणारी 'मी' आणि त्याचा परिणाम भोगणारी 'मी' यांच्या आवडीनिवडी एक राहत नाहीत. याचं सूत्र कुणाकडेही नाही, जो आहे म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. मी एवढंच करायला सांगते की दोन्ही बाजूंनी 'कुणासाठी?' हा प्रश्न विचारा. मूल हवं असेल तर कुणाला हवं आहे, नको असेल तर कुणाच्या भीतीमुळे. आणि आई गेल्याच्या पहिल्या वर्षात या प्रश्नाचं जे उत्तर येतं, ते थोडं थांबून पुन्हा एकदा पडताळून पाहा, वय आणि तब्येत थांबू देत असेल तर.

नोकरीचा निर्णय त्या मानानं सरळ आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १९ सप्टेंबर १७७२ रोजी जोसेफ प्रीस्टलीला लिहिलेल्या पत्रात आपली रीत सांगितली आहे: कागदाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचेल तसं बाजूनं आणि विरुद्ध लिहीत जायचं, मग वजनं पाहून सारख्याला सारखं खोडत जायचं. या रीतीतला जीव त्या तीन-चार दिवसांत आहे. एका बैठकीत जे सुचतं ते त्या दिवसाच्या मनःस्थितीचं असतं. चार्ल्स डार्विननं १८३८ मध्ये लग्न करावं का याचा असाच कागद केला होता, 'न करण्या'च्या बाजूला पुस्तकांना पैसे कमी पडतील, वेळ जाईल असं लिहिलं, आणि जानेवारी १८३९ मध्ये लग्न केलं. कागदानं निर्णय दिला असं मी म्हणणार नाही. स्वतःला काय हवंय ते त्याला लिहिता लिहिता दिसलं असावं. तुम्हीही करा, आणि त्याला एक छोटी चाचणी जोडा. सुट्टी घेऊन दोन आठवडे ते नवं काम खरोखर करून पाहता येतं का? येत असेल तर वाचन नंतर, आधी ते.

आता वाचन. पहिली गोष्ट, धर्म कसा चुकीचा आहे हे सांगणारी पुस्तकं तुम्हाला आता नकोत. ती वाट तुम्ही चालून आला आहात. तीच ती वाचत राहिल्यानं बरोबर असल्याचं समाधान मिळतं, उपयोग होत नाही. तुमचा प्रश्न धरून वाचा.

माझी सुरुवात एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञापासून असते. इसवी सन पूर्व ३४१ ते २७० असा त्याचा काळ. त्याच्या प्रचंड लिखाणातलं फार थोडं उरलं: तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लेअर्टियसच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात तीन पत्रं आणि ४० सूत्रं. त्यांतलं मेनिसियसला लिहिलेलं पत्र अर्ध्या तासात वाचून होतं. देव आहेत, पण त्यांना आपल्याशी देणंघेणं नाही असं तो धरून चालतो आणि मग थेट कामाला लागतो: कुठली इच्छा नैसर्गिक आणि गरजेची, कुठली नैसर्गिक पण गरजेची नाही, आणि कुठली दोन्ही नाही. नोकरीचा कागद या तीन खणांत मांडून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना त्यातून पहिल्यांदा दिसलं की पगारातला मोठा भाग तिसऱ्या खणात जातो. त्याच विचाराचं मोठं, काव्यमय रूप हवं असेल तर ल्युक्रिशियस या रोमन कवीची सहा भागांची कविता आहे. तिची प्रत १४१७ साली जुनी हस्तलिखितं शोधणाऱ्या पोज्जो ब्राचोलिनीच्या हाती लागली आणि ती पुन्हा वाचली जाऊ लागली.

स्टोइक मंडळी, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन काळातल्या दुसऱ्या एका पंथाचे तत्त्वज्ञ, आज फार वाचली जातात. एपिक्टिटसची छोटी पुस्तिका, त्याच्या शिष्यानं, एरियननं, संकलित केलेली, जरूर वाचा. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, या तिच्या पहिल्याच भेदावर आजची बोधात्मक उपचारपद्धती, म्हणजे विचारांच्या सवयी बदलून त्रास कमी करणारी पद्धती, पुष्कळ अंशी उभी आहे. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिसनं आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तेव्हा एपिक्टिटसचं ऋण त्यानं उघड मान्य केलं. पण सावध राहून वाचा. स्टोइकांच्या मते विश्व शहाणपणानं चाललेलं आहे आणि जे घडतं ते एकूण भल्यासाठीच. तुम्ही तसं मानत नाही. म्हणून 'जे घडतं ते आनंदानं स्वीकारा' हा त्यांचा उपदेश जसाच्या तसा उचललात तर मागच्या दारानं दैव घरात येतं. मार्कस ऑरेलियस या स्टोइक रोमन सम्राटाला ही अडचण स्वतःलाच जाणवत असावी. व्यवस्था असो वा नुसते अणू, मी नीट वागावं हे दोन्हीकडे खरं ठरतं का, हे तो आपल्या टिपणांत पुनःपुन्हा तपासतो. मला त्याची तीच पानं सर्वांत जवळची वाटतात.

चार्वाक वाचायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या तोंडून आलं आहे. सगळ्यांना पाठ असलेलं 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त आहे. पण त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणाच्या आरंभी, तोच श्लोक वेगळ्या पाठानं येतो: 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः', जोवर जगाल तोवर सुखानं जगा, मृत्यूच्या आवाक्याबाहेर काही नाही. कर्ज काढून तूप पिणं आणि मृत्यू अटळ आहे म्हणून सुखानं जगणं, या दोन सल्ल्यांत किती फरक आहे पाहा. आणि लोकांच्या तोंडी कुठला राहिला तेही पाहा. सदाशिव आठवले यांनी चार्वाकांवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे, ते या गुंत्यात वाट दाखवतं.

मराठीतलं म्हणाल तर गोपाळ गणेश आगरकरांचे 'सुधारक'मधले निबंध. पत्र १८८८ चं, पण वाक्यं आजही अंगावर येतात. त्यांच्याच नावाचा धागा पकडून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केलं. त्याचे जुने अंक मी लोकांना आवर्जून वाचायला सांगते ते त्यातल्या वादांसाठी. एका अंकात लेख, पुढच्यात त्याला खणखणीत उत्तर, मग लेखकाचं प्रत्युत्तर. विवेकानं विचार करणारी माणसंही एकमेकांशी किती असहमत असतात आणि तरी कशी बोलत राहतात, हे शिकायला ती उत्तम जागा आहे. बर्ट्रंड रसेलचं १९३० चं सुखावरचं पुस्तक तर मी दर दोन-तीन वर्षांनी उघडते. संसाराबद्दलची त्याची काही मतं जुनी झाली आहेत, पण दुःखी माणूस स्वतःतच कसा गुरफटत जातो आणि बाहेरच्या जगात रस घेतल्यानं तो कसा सुटतो, हे त्यानं जितकं साधेपणानं लिहिलंय तितकं नंतर क्वचित कुणी लिहिलं असेल. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. 'किती छान' वाटलेल्या ओळीवर खूण नको. 'हे मी या आठवड्यात करून पाहू शकते' अशा ओळीवरच करा. अख्ख्या पुस्तकात अशा तीन खुणा झाल्या तरी भरपूर.

राहिली आई. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य होतं आणि बाकी सगळं निर्णयांबद्दल, पण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

मृत्यू म्हणजे आपल्याला काहीच नाही, कारण आपण असतो तेव्हा तो नसतो आणि तो येतो तेव्हा आपण नसतो, हा एपिक्यूरसचा युक्तिवाद स्वतःच्या मरणाच्या भीतीवर चालतो. १७७६ च्या जुलैत मरणासन्न ह्यूमला भेटायला गेलेला त्याचा परिचित लेखक बॉझवेल चक्रावून परतला, कारण ह्यूम शांत होता. जन्मापूर्वी नव्हतो त्याचं दुःख नाही, तर नंतर नसण्याचं कशाला, असं तो म्हणाला. पण आईच्या जाण्यावर यातलं काही चालत नाही. ती नाही आणि तुम्ही आहात, दुखणं नेमकं इथे आहे. ही पुस्तकं त्यासाठी उघडलीत आणि कोरडी वाटली, तर दोष तुमचा नाही.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असंही कुणी सांगेल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा शोक असा क्रमानं, जिना चढल्यासारखा जातो, याला पुरेसा आधार मिळालेला नाही. शोक येतो, जातो, अवचित परत येतो. आणि आईला 'सोडून द्या' असं कुणी म्हणालं तर तेही ऐकायची गरज नाही. गेलेल्या माणसाशी मनातलं नातं चालू राहणं हे सामान्य आहे, १९९० च्या दशकापासूनचा अभ्यास हेच सांगतो. त्यासाठी आत्मा मानावा लागत नाही. तिच्या सवयी तुमच्या मेंदूत आणि हातांत खरोखर आहेत. फक्त एक लक्ष ठेवा. वर्ष उलटूनही रोजचं काम होत नसेल, झोप पार गेली असेल, जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता निदान करता येणारा, उपचार असलेला त्रास मानला जातो. विशेषतः जीव द्यावासा वाटत असेल तर वर्षाची वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

डार्विनची थोरली मुलगी ॲनी २३ एप्रिल १८५१ रोजी गेली. दहा वर्षांची होती. आठवड्यानंतर, ३० एप्रिलला, तो कागद घेऊन बसला आणि तिच्याबद्दल त्यानं काही पानं लिहिली, पुढे आपण जगलो तर तिची वैशिष्ट्यं डोळ्यांसमोर नीट राहावीत म्हणून. त्यात 'देवाघरी गेली' असं काही नाही आणि जगण्याचं तत्त्वज्ञानही नाही. वाळूच्या वाटेवर तो भरभर चालत असतानाही ती त्याच्यापुढे गिरक्या घेत कशी जायची, ते आहे. त्याच्यासाठी चोरून आणलेली चिमूटभर तपकीर घेऊन ती जिन्यावरून धावत यायची, आणि दुसऱ्याला आनंद देण्याच्या आनंदानं तिचं सगळं अंग कसं उजळलेलं असायचं, ते आहे.

तुमच्या आईचं असं जे आठवेल ते आधी लिहून घ्या. ती फोन कसा उचलायची, रागावली की हातांचं काय करायची, कुठला शब्द नेहमी चुकीचा उच्चारायची. नोकरीचा दोन भागांचा कागद पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल.